कॅन विषारी आणि गूळ औषधी? काकांना आलेल्या फॉरवर्डला उत्तर

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कागलजवळ राहतात. मधुमेहाला नऊ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. आधी ७.२ होती, या वेळी ८.१. मी फोन करून विचारलं, "काका, खाण्यात काय बदललं?"

"काय बी नाही गं. उलट ते डाएटचं कोल्ड्रिंक बंद केलंय. आता रोज दुपारी गुळाचं सरबत, अन् आठवड्यातनं दोनदा उसाचा रस. एकदम नैसर्गिक."

मग मावशीने तो फॉरवर्ड पाठवला. तोपर्यंत तो मला आणखी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे सरकले होते. चूक माझीही आहे. लाल अक्षरं, हात जोडलेले, खाली 'आपल्या माणसांना वाचवा'. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: डाएट कोल्ड्रिंकने मेंदू फसतो, इन्सुलिन उसळतं आणि चरबी साठते. डाएट पिणाऱ्यांचं वजन साध्या कोल्ड्रिंकवाल्यांपेक्षा दुप्पट वाढतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर बंदी घातलीय. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याचं पोटात फॉर्मेलिन होतं आणि कॅन्सर होतो. म्हणून वजन आणि शुगर दोन्ही आटोक्यात ठेवायचं तर गूळ, मध, उसाचा रस आणि कोरफडीचा ज्यूस घ्या, कारण नैसर्गिक साखर अंगाला लागत नाही.

मी डॉक्टर नाही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पण यातल्या शेवटच्या वाक्याला डॉक्टरही लागत नाही. सुरुवात तिथूनच करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर डोकं फिरतं, या मुद्द्याने काकांची साखर फिरली.

गूळ म्हणजे मुख्यत्वे साखरच. रस आटवला, मळी काढली, ढेप पाडली. कारखाना तोच रस आणखी शुद्ध करून दाणेदार करतो, गुऱ्हाळ थोडं आधी थांबतं. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी धरल्या तर गुळात ३८० च्या आसपास. मधात ३०० च्या घरात, तेही त्यात पाणी असतं म्हणून. गुळात थोडं लोह असतं हे मान्य, साखरेत तेही नसतं. पण लोह मिळावं म्हणून मधुमेह्याने रोज तीस ग्रॅम गूळ पाण्यात कालवून प्यायचा हा कुठला हिशोब? रक्तात गेलेली साखर आपण कागलच्या गुऱ्हाळातून आलो की कारखान्यातून, हे सांगत नाही.

आणि उसाचा रस! ज्या तालुक्यात पोरासोरांना साखर उतारा तोंडपाठ असतो तिथे हे पसरावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कोल्हापूर भागातल्या कारखान्यांचा उतारा १२ टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे १०० किलो ऊस गाळला की १२ किलोच्या आसपास साखर पोत्यात पडते. ती कुठून येते? रसातूनच ना? साध्या कोलात १०० मिलीला साधारण ११ ग्रॅम साखर असते. पिकलेल्या उसाच्या रसात त्याहून कमी नसते, बहुधा जास्तच असते. रसवंतीवाल्याने बर्फ ढकलून पातळ केला तर तेवढीच काय ती सूट. म्हणजे काकांनी बिनसाखरेचा कॅन सोडला आणि त्याच्या जागी साध्या कोल्ड्रिंकएवढी साखर आठवड्यातून दोनदा घेतली, वर रोजचं सरबत वेगळं.

आता तो कॅन काय होता तेही सांगते. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी साधं कोल्ड्रिंक बंद करायला लावलं. काकांनी तहात मिळवलेली सवलत एकच: रविवारी मटणाबरोबर ३०० मिलीचा एक बिनसाखरेचा कॅन. साध्या कॅनमध्ये सुमारे १३० कॅलरी आणि आठ चमचे साखर असते, यात जवळपास शून्य. नऊ वर्षं हा तह टिकला होता. तो एका फॉरवर्डने मोडला. रिपोर्ट वाढला तो सगळा गुळामुळेच, असं मी म्हणणार नाही. त्या तीन महिन्यांत घरात दोन लग्नंही झाली आणि जिलब्या कुणी मोजल्या नाहीत. पण रोजचं सरबत निर्दोष होतं असंही कुणी म्हणू नये.

आता तो 'दुप्पट' आकडा. तो हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करते. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात हजारो लोकांवर सात-आठ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला वजन ठीक असलेल्यांपैकी जे आठवड्याला २१ पेक्षा जास्त कृत्रिम गोडीची पेयं पीत होते, त्यांचं वजन पुढे प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता, अशी पेयं अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट निघाली. म्हणजे रोज तीनपेक्षा जास्त वेळा पिणारे, आणि तुलना न पिणाऱ्यांशी. 'साध्या कोल्ड्रिंकपेक्षा दुप्पट वजन' हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरचं घातलंय.

शिवाय असे अभ्यास फक्त बघतात, कुणाला काही प्यायला देत नाहीत. आणि रोज तीन-चार वेळा आठवणीने डाएटवालं पेय मागणारा माणूस मुळात कोण असतो? पोट सुटायला लागलंय अशी धास्ती असलेला, घरात आईवडील दोघेही जाड असलेला, नाहीतर डॉक्टरांनी दम दिलेला. काठी घेऊन चालणाऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून काठीने गुडघे जातात असं कुणी म्हणत नाही.

खरं काय ते बघायचं तर पेय हातात देऊन बघावं लागतं, आणि कुणाला कुठलं मिळालंय हे पिणाऱ्याला कळता कामा नये. नेमकं असं नेदरलँड्समध्ये केलं गेलं. तो अभ्यास २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. साधारण पाच ते अकरा वर्षांची ६४१ शाळकरी मुलं, सगळी आधीपासून रोज गोड पेय पिणारी. निम्म्यांना रोज २५० मिलीचा साखरेचा कॅन, ज्यात १०४ कॅलरी, आणि निम्म्यांना चवीला तसाच बिनसाखरेचा. मुलांनाही माहीत नाही आणि वजन करणाऱ्यांनाही नाही. दीड वर्षाने वजनं केली. वाढत्या वयाची मुलं, वजन दोन्हीकडे वाढणारच. साखरेच्या कॅनवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो वाढलं, बिनसाखरेवाल्यांचं ६.३५ किलो.

एक किलोचा फरक, फक्त रोजच्या एका कॅनने. मधल्या काळात बऱ्याच मुलांनी कॅन पिणं सोडलं, ही या अभ्यासाची कमजोर बाजू. तरी मेंदू फसून चरबी साठण्याची गोष्ट खरी असती तर आकडे उलटे यायला हवे होते. आणि चरबी साठायला आत काहीतरी यावं लागतं. शून्य कॅलरीच्या पाण्यातून शरीर तूप काढत नाही.

याचा अर्थ बिनसाखरेचं कोल्ड्रिंक वजन उतरवतं असाही नाही, आणि हे मी माझ्या भाच्यासाठी लिहितेय. त्याने फॅमिली ग्रुपवर ऐटीत उत्तर टाकलं होतं: 'झिरो म्हणजे झिरो, मी रोज दोन लिटर पितो.' बाळा, त्या मुलांचं वजन कमी वाढलं कारण त्यांच्या पोटातली साखर गेली. तू आधी पाणी पीत होतास. पाण्याच्या जागी डाएट कोला आणलास तर वाचलं काय? शून्यातून शून्य. वर 'कोल्ड्रिंक डाएट घेतलंय ना' म्हणून दुसरा वडापाव मागवतोस, तो मी गणपतीत या डोळ्यांनी पाहिलाय. आणि आंबटपणा बिनसाखरेच्या कोलातही असतो, तो दातांचं कवच झिजवतोच. दोन लिटर म्हणजे दिवसभर दात आम्लात.

इन्सुलिनचं त्रोटकच सांगते. गोड चव जिभेला लागली की थोडंसं इन्सुलिन सुटू शकतं, पण ते किरकोळ आणि घटकाभराचं. नुसतं कृत्रिम गोडीचं पेय दिल्याने रक्तातली साखर उसळलेली नियंत्रित प्रयोगांत सहसा दिसत नाही. इथे एक गोष्ट मात्र जिवावर येऊन कबूल करते. २०२२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी १२० निरोगी लोकांना दोन आठवडे वेगवेगळे गोडवे दिले. सॅकरिन आणि सुक्रलोज घेणाऱ्यांत ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर थोडी जास्त चढली, आणि आतड्यांतल्या जिवाणूंतही बदल दिसले. त्यातून वजनाचं काही सिद्ध होत नाही, पण 'हे गोडवे म्हणजे निव्वळ पाणी' असंही म्हणता येत नाही.

राहिली जागतिक आरोग्य संघटना. बंदी वगैरे काही नाही. मे २०२३ मध्ये त्यांनी एक शिफारस केली, तीही सशर्त: वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत. हे फॉरवर्डच्या बाजूचं वाटतं खरं. पण ज्या प्रयोगांचा त्यांनी आढावा घेतला त्यांत गोडवे घेणाऱ्यांचं वजन सरासरी ०.७१ किलोने कमीच निघालं, पाऊण किलोलाही थोडं कमी. त्यातले बहुतेक प्रयोग तीन महिन्यांच्या आतले. पुढे वर्षानुवर्षं फायदा टिकतो याचा पुरावा मिळाला नाही, आणि बघ्या अभ्यासांत तर उलटंच चित्र दिसलं. म्हणून 'यावर विसंबू नका, एकूण गोडाचीच सवय कमी करा' असा त्यांचा सूर आहे. मला तो पटतो. आणि त्याच शिफारशीत स्वच्छ लिहिलंय की ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. म्हणजे ज्या एका माणसाला हा फॉरवर्ड मनापासून पटला, नेमका तोच त्या शिफारशीच्या बाहेरचा!

कॅन्सरचं. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम '२ बी' गटात टाकलं. या गटाचा अर्थ एवढाच की कॅन्सरचा संशय घ्यायला थोडाफार पुरावा आहे, पक्का नाही. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा तपासून जैसे थे ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील, आणि इतर कशातून अ‍ॅस्पार्टेम पोटात गेलेलं नसेल तर. काकांचा आठवड्याला एक होता. आणि फॉरवर्डने सुचवलेली ती कोरफड? तिच्या अख्ख्या पानाचा अर्क याच '२ बी' यादीत आहे, २०१६ पासून. ६५ अंशांच्या वरची कढत पेयं तर एक पायरी वर, '२ ए'त. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो बहुधा वाफाळत्या चहाबरोबर लिहिला असेल.

फॉर्मेलिनचा भाग माझ्या विषयातला. अ‍ॅस्पार्टेम पोटात फुटलं की वजनाच्या साधारण दहा टक्के मिथेनॉल निघतं, आणि मिथेनॉलचं शरीरात आधी फॉर्माल्डिहाइड (पाण्यात विरघळवलं की तेच फॉर्मेलिन) व मग फॉर्मिक आम्ल होतं. हे खरं आहे. पण एका कॅनमागे ते वीस-तीस मिलिग्रॅम. ग्लासभर टोमॅटोच्या रसातून त्याच्या कितीतरी पट जास्त मिथेनॉल पोटात जातं, आणि सारात फॉर्मेलिन आहे म्हणून अजून कुणी पान सोडून उठलेलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं. तसा इशारा कॅनवर छापलेला असतो.

मावशीचं एक म्हणणं मी खोडू शकले नाही. ती म्हणाली, "त्या कंपन्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मागे कीटकनाशकं निघाली होती की." निघाली होती. २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकांचे अंश दाखवले, संसदेची संयुक्त समिती बसली, शरद पवार तिचे अध्यक्ष होते, आणि समितीने त्या तपासणीला दुजोरा दिला. माझाही कंपन्यांवर विश्वास नाही. पाण्यापेक्षा डाएट पेयाने वजन जास्त उतरतं असं दाखवणारा एक अमेरिकी अभ्यास आहे, तो मी वर घेतलाच नाही, कारण त्याचे पैसे तिथल्या पेय कंपन्यांच्या संघटनेने दिले होते. पण कंपनीवर विश्वास नाही म्हणून गुळावर ठेवायचा, ही उडी मला जमत नाही.

काकांशी परवा तासभर बोलले. दुपारी पातळ ताक, मीठ बेताचं, कारण बीपी आहे. उसाचा रस बंद. रविवारचा कॅन परत सुरू करायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काकवी चालंल काय?" गुळाचा डबा मावशीने माळ्यावर टाकलाय.