चाळिशीत निवृत्ती : पंधरा हजारांच्या गणितात काय राहून गेलं

गेली दोन-तीन वर्षं व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आतापर्यंत चारदा येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: "२५ व्या वर्षी महिना १५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता) सुरू करा. १५ टक्क्यांनी १५ वर्षांत १ कोटी होतात. ४० व्या वर्षी नोकरी सोडा, दरवर्षी ४ टक्के काढा, मुद्दल आयुष्यभर संपत नाही. गोव्यासारख्या ठिकाणी साधं घर बघून राहा, तिथे खर्च निम्म्यावर येतो. साठीपर्यंत नोकरी करणाऱ्यांना पैशाची शिस्त नसते."

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर माझ्या बहिणीचा मुलगा सोप्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. वय २९, इथे गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरी. आदली रात्रपाळी करून तो आरतीला आला होता, डोळे चुरचुरत होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मावशी, तू रोज हिशेब लिहितेस ना? सांग बघू, हे जमतं का?"

मी फोंड्यात एका सहकारी संस्थेत २६ वर्षं हिशेब लिहिते आहे. त्याच्या प्रश्नात आळस नव्हता, थकवा होता. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला मेसेजमधलं एकेक वाक्य तपासत गेलो. ते पान अजून माझ्याकडे आहे.

"१५ टक्क्यांनी १५ वर्षांत १ कोटी"

गुणाकार बरोबर आहे. महिना १५ हजार म्हणजे १५ वर्षांत २७ लाख भरले जातात आणि १५ टक्क्यांनी त्याचे १ कोटी १ लाखाच्या आसपास होतात. पण तो १५ चा आकडा कोणी लिहून दिलेला नाही. परतावा १२ टक्के मिळाला तर तेच पैसे साधारण ७५ लाख ७० हजार होतात, १० टक्के मिळाला तर ६२ लाख ७० हजार. जानेवारी २००८ मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २१ हजारांच्या जवळ होता, जानेवारी २०२३ मध्ये ६० हजारांच्या. त्या दिवशी एकरकमी गुंतवलेल्या पैशाला १५ वर्षांत लाभांश सोडून वर्षाला सव्वासात टक्केच पडले. एसआयपीत पैसे टप्प्याटप्प्याने जातात, त्यामुळे हप्ते भरणाऱ्याचं गणित त्याहून बरं निघालं हे खरं. पण १५ टक्के हा चांगल्या काळातला आकडा आहे आणि मेसेज तो बँकेच्या व्याजासारखा वापरतो. विकताना वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्याचाही उल्लेख नाही.

"१ कोटी"

खरी मेख इथे आहे. चला, मिळाले १ कोटी असं धरू. पण ते मिळणार १५ वर्षांनी, आणि बाजारात जाऊन खर्च करायचे तेही १५ वर्षांनंतरच्या भावाने.

माझ्याकडे घरखर्चाच्या जुन्या वह्या आहेत. भाच्याला २०१० ची काढून दाखवली. त्या चवथीला मध्यम नारळ १० रुपयांना घेतला होता. गेल्या चवथीला तसलाच ४५ ला पडला. सगळ्याच वस्तू इतक्या चढल्या नाहीत. मीठ, साबण, फोनचं बिल यांची चाल हळू आहे. पण शाळेची फी, डॉक्टर, गवंडी, नारळ काढणारा पाडेली यांची चाल नारळासारखीच आहे. महागाई ४ टक्क्यांवर ठेवावी असं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे, वरची मर्यादा ६. आमच्यासारख्या घरात शाळा आणि औषधं दोन्ही असतात, म्हणून मी ६ धरले. त्या हिशेबाने १५ वर्षांनंतरचे १ कोटी म्हणजे आजचे सुमारे ४१ लाख ७० हजार. त्याचे ४ टक्के म्हणजे महिन्याला १३,९०० रुपये.

हा आकडा पानावर उतरल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढ्यात तर आमची किराणा आणि मासळीच होते." त्याचा खर्च त्याच्याच तोंडून लिहून घेतला. किराणा, दूध, भाजी, मासळी १४,०००. गॅस, वीज, पाणी, फोन ३,८००. पेट्रोल आणि स्कूटरची दुरुस्ती ३,५००. आईची औषधं २,७००. मुलीचं ४,०००. विमा २,०००. सणवार, लग्नकार्यं, देवस्थानची वर्गणी ५,०००. बेरीज ३५ हजार. घर वडिलांचं, भाडं नाही, हप्ता नाही, आणि त्याच्या खर्चात मला उधळपट्टी म्हणावी अशी एकही ओळ सापडली नाही.

हाच ३५ हजारांचा खर्च १५ वर्षांनी महिना ८४ हजारांच्या घरात जातो. वर्षाचे १० लाख. मेसेजचाच ४ टक्क्यांचा नियम लावला तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट, म्हणजे अडीच कोटी हवेत. १२ टक्के परतावा मिळाला तरी त्यासाठी महिन्याला ५० हजार गुंतवावे लागतील. त्याच्या हातात पगार येतो ४१ हजार.

"४ टक्के काढा, मुद्दल संपत नाही"

हा नियम हवेतून आलेला नाही. मूळ नियमात पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईएवढी वाढवायची. अमेरिकेतले वित्त सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तो मांडला आणि १९९८ मध्ये टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी तशीच तपासणी केली. पण आकडे अमेरिकेचे होते, तिथल्या शेअर्सचे, तिथल्या रोख्यांचे, तिथल्या महागाईचे. आणि मुदत धरली होती ३० वर्षांची, म्हणजे साठी-पासष्टीला निवृत्त होणाऱ्या माणसाची. चाळिशीत थांबणाऱ्याला ४०-४५ वर्षं काढायची असतात. म्हणून मी ३ टक्के धरते, वर्षाच्या खर्चाच्या ३३ पट. भाच्याच्या घराला ते ३ कोटी ३२ लाख होतात. शिवाय मुद्दल कधीच संपणार नाही असं त्या अभ्यासांनी म्हटलेलंच नाही. ३० वर्षं पुरेल का, हेच त्यांनी मुख्यतः तपासलं.

यातला दुसरा धोका मला जास्त जवळून ठाऊक आहे. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या वाड्यावर घरटी खनिज वाहणारा एक ट्रक होता. २०१० च्या सुमारास ज्यांचा एक होता त्यांनी कर्ज काढून दुसरा घेतला, कारण पहिल्याचे पैसे दर महिन्याला येतच होते. काहींनी चालू नोकरी सोडली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. माझ्या चुलतभावाचे दोन ट्रक दोन पावसाळे अंगणात उभे होते. टायरांखाली गवत वाढलं, हप्ता मात्र दर महिन्याला चालूच होता. पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ते लोक मूर्ख नव्हते. सगळं सर्वांत चांगलं चाललेलं असताना त्यांनी पुढच्या २० वर्षांचा निर्णय घेतला.

लवकर निवृत्तीतही नेमकं हेच होतं. आपला आकडा बहुतेकदा बाजार वर असतानाच गाठला जातो, म्हणून राजीनामाही तेव्हाच दिला जातो. जानेवारी २००८ मध्ये १ कोटी पूर्ण झाले, सगळे शेअर्समध्ये, आणि कोणी नोकरी सोडली असं धरा. पहिल्या वर्षाचे ४ लाख काढले, उरले ९६. त्या वर्षी सेन्सेक्स निम्म्याहून जास्त पडला, डिसेंबरात उरले साधारण ४६ लाख. आता महागाई धरून सव्वाचार लाख काढायचे म्हणजे उरलेल्याच्या ९ टक्क्यांहून जास्त. २००९ मध्ये बाजार जोरात सावरला, पण विकून खाल्लेली युनिटं त्या तेजीत नव्हती. नोकरीत असलेल्या माणसाला ती पडझड स्वस्तात खरेदी करायची संधी होती. नोकरी सोडलेल्याला ती विक्री करायची वेळ होती. पोर्टफोलिओ तोच, बाजार तोच, फरक फक्त महिन्याच्या पगाराचा.

"गोव्यात खर्च निम्मा"

हे वाक्य वाचून मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. त्याच्या आधीपासून पेडण्यात जमिनीचे भाव चढत होते, नंतर तर गावातल्या मुलाने चार गुंठे घ्यायचं स्वप्न सोडून दिलं. बाहेरून पैसे घेऊन शांतता विकत घ्यायला येणारे जितके वाढतात तितकं आमच्या मुलांचं भाडं वाढतं. म्हणजे मेसेजचा सल्ला जितके जास्त लोक पाळतील तितका तो खोटा ठरत जाईल.

राहायला आलेल्या माणसाचाही हिशेब तसा सोपा नाही. "साधं घर" म्हणजे बहुधा चिऱ्यांचं, कौलारू. इथे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मे महिन्यात शाकारणी केली नाही तर जूनमध्ये माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात. वाशांना वाळवी, भिंतींना ओल, समुद्राजवळ असेल तर गजांना गंज. पुण्याच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच घरखर्चात धरलेलं नसतं.

आजारपणाचं तर बघाच. आमच्याकडे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि २०१६ पासून राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. त्या योजनेत चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. गोमंतकीय घराला हा मोठा आधार आहे आणि भाच्याच्या पानावर मी तो जमेच्या बाजूला लिहिला. पण योजनेसाठी किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि २०१८ पासून बांबोळीत बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांकडून शुल्क घेतात. ४० व्या वर्षी नोकरी सोडली की कंपनीचा आरोग्य विमाही त्याच दिवशी सुटतो.

"साठीपर्यंत नोकरी करणाऱ्यांना शिस्त नसते"

लवकर थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या गोव्यात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, ५० च्या आत घरी परत येतात आणि पुन्हा जात नाहीत. त्यांनी काय केलं? पगार डॉलरमध्ये आणि बोटीवर असताना राहण्या-जेवण्याचा खर्च शून्य. मिळकतीचा अर्ध्याहून मोठा भाग शिल्लक पडत होता. निवृत्तीचं वय त्या शिलकीने ठरलं, फंडाच्या निवडीने नाही. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा आणि खर्चाच्या ३३ पट पुंजी धरली तर पगाराचा अर्धा भाग वाचवणाऱ्याला साडेएकवीस वर्षं लागतात. पाव भाग वाचवणाऱ्याला ४१. दहावा भाग वाचवणाऱ्याला ६५, म्हणजे एका जन्माची नोकरी पुरत नाही.

भाच्याकडे ४१ हजारांतून ६ हजार उरतात. त्याला शिस्त नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्याच्या पगारात आईची औषधं आहेत. असे मेसेज वाचून अशी मुलं स्वतःला नालायक समजतात, आणि मग १५ टक्के पुरत नाहीत म्हणून शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या, म्हणजे भावाच्या चढउतारावर पैजेसारख्या, सौद्यांत उतरतात. आमच्या संस्थेत त्यातून झालेल्या तोट्यासाठी कर्ज मागायला आलेली मुलं मी काउंटरच्या या बाजूने पाहिली आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने ती पाहिलेली नसावीत.

मग बचतीला अर्थ नाही का? आहे, फार आहे. नवरा-बायको दोघं कमावते, घर वडिलोपार्जित, कर्ज नाही, थोडंसं नारळ-सुपारीचं कुळागर, अशा घराला ५२-५५ ला रात्रपाळी कायमची सोडता येते. पूर्ण थांबण्याऐवजी निम्म्या पगाराचं हलकं काम धरलं तर पुंजीवरचा भार निम्मा होतो, आणि हे मला चाळिशीच्या स्वप्नापेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. एक बारीक गोष्टही सांगायला हवी. भाचा रुजू झाला तेव्हा मूळ वेतन १५ हजारांच्या आत होतं, म्हणून तो कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आहे. सध्याच्या नियमांनी आणि १५ हजारांच्या कमाल वेतनावर १५ वर्षांच्या सेवेला ५८ व्या वर्षी महिना ३,२१४ रुपये पेन्शन बसतं, ३३ वर्षांच्या सेवेला ७,५००. रक्कम लहान आहे, पण ती बाजार पडला म्हणून कमी होत नाही.

पान संपलं तेव्हा आतून संध्याकाळच्या आरतीसाठी हाका येत होत्या. गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीतली एक सुपारीची शिपटी निसटायला आली होती, ती बांधता बांधता त्याने विचारलं, "मग मी चाळिशीत काय करू?" मी म्हटलं, रात्रपाळी सोड. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो बसतो.

गेल्या महिन्यात त्याची बायको घराजवळच्या एका दुकानात हिशेबाला लागली. तिच्या पगारातले ५ हजार एसआयपीत वाढवले, आणि कंपनीच्या विम्याशिवाय चौघांचा वेगळा आरोग्य विमा काढला. २०१० ची वही त्याने माझ्याकडून मागून नेली आहे, अजून परत केलेली नाही.