दोन औषधं आणि एक ‘दलाल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

बायपोलरमध्ये (मन कधी अति उत्साहात, म्हणजे मॅनियात, तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) आजार पुन्हा उलटू नये म्हणून दोन औषधं एकत्र का देतात, यावरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, म्हणून मी त्यांना ‘साहेब’ म्हणतो. थाटही तसाच आहे. त्यांचं म्हणणं असं: “औषध कंपन्यांची दलाली बंद करा. बॅलन्स अभ्यासातच दिसलं की लिथियम एकटं पुरतं, आणि तो अभ्यासही ओपन-लेबल होता. दुसरी गोळी म्हणजे फक्त वजन, शुगर आणि खर्च. तुमच्यासारख्या हौशी लेखकांमुळे पेशंट मूठभर गोळ्या गिळतात.”

दलाली! हा शब्द टाइप करताना बोट जरा तरी अडखळलं का हो? मतभेद असू द्या, हवे तितके असू द्या. पण समोरच्याशी ओळख ना पाळख, आणि थेट त्याच्या हेतूवर घसरायचं? बरं, दलाली कशाची? लिथियमची? तो साधा क्षार आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावरचा त्याचा गुण छापून आणला, आणि ज्याचं पेटंट घेता येत नाही अशा वस्तूत कंपन्यांना फार गोडी कधी नव्हतीच. जोडीतलं दुसरं औषध व्हॅल्प्रोएट, तेही जुनं, जेनेरिक. ही दोन औषधं विकून जगणारा दलाल उपाशी मरेल.

ओपन-लेबलचा मुद्दा मान्य. कोण कुठलं औषध घेतंय हे पेशंटलाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही. हे तुम्ही बरोबर लिहिलंत.

आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: “लिथियम एकटं पुरतं.” बॅलन्स, म्हणजे लिथियम आणि व्हॅल्प्रोएट एकेकटं आणि एकत्र देऊन तुलना करणारा अभ्यास, 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 330 जण, तीन गट, दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा. पुन्हा एपिसोड डोकं वर काढतोय म्हणून नवे उपचार करावे लागले, असे लोक लिथियम-व्हॅल्प्रोएट जोडीवर 54 टक्के, एकट्या लिथियमवर 59 टक्के, एकट्या व्हॅल्प्रोएटवर 69 टक्के. एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा जोडी सरस, हे स्पष्ट दिसलं. एकट्या लिथियमपेक्षा ती सरस आहे का, याचा निकाल मात्र लागला नाही. जोडीने धोका 18 टक्क्यांनी कमी होतो असा अंदाज निघाला, पण खरा आकडा 42 टक्के कमीपासून 17 टक्के जास्तपर्यंत कुठेही असू शकतो. निकाल लागला नाही, याचा अर्थ ‘दोन्ही सारखंच’ असा कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि तो 59 आकडा पुन्हा वाचा. लिथियमवर असूनही निम्म्याहून जास्त लोकांना पुन्हा उपचार लागले. याला तुम्ही ‘पुरतं’ म्हणता. ज्यांना नाही पुरलं, त्यांनी काय करायचं, तुमची प्रतिक्रिया वाचत बसायचं?

त्या निम्म्याहून जास्त लोकांतला मी एक आहे. हौशी वगैरे नाही, पेशंट आहे. लिथियमची रक्तातली लेव्हल कशी तपासतात हे मला कुणाकडून ऐकावं लागत नाही. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायची, आणि सुई निघाली की लॅबच्या बाकड्यावरच ती पाण्याबरोबर घ्यायची. माझी लेव्हल 0.7 होती. व्यवस्थित. तरीही त्याच सुमारास मी पहाटे तीन वाजता ऑफिसातल्या एकेकाला त्याच्या स्वभावाचं विश्लेषण करणारे लांबलचक मेल पाठवत होतो. ठळक अक्षरांत उपशीर्षकं देऊन. बायकोने लॅपटॉप काढून घेतला तर मी मोबाइलवर सुरू झालो. त्यानंतर डॉक्टरांनी क्वेटियापिन हे दुसरं औषध जोडलं, आणि असे मेल पुन्हा गेलेले नाहीत. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नाही, असं आता तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तुमच्याकडे तोही नाही.

क्वेटियापिनबद्दल लेखात सविस्तर होतं. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटच्या जोडीला ते दिल्यावर दोन मोठ्या अभ्यासांत आजार उलटण्याचं प्रमाण साधारण 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आलं. आधी ज्यांना ते लागू पडलं होतं त्यांनाच पुढे घेतल्यामुळे हा फरक जरा फुगलेला आहे, हेही तिथेच लिहिलंय. मॅनियानंतर लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटला जोडलेलं रिस्पेरिडोन हे औषध सहा महिन्यांपुढे वर्षापर्यंत चालू ठेवून जास्तीचा फायदा दिसला नाही, हा 2016 चा अभ्यासही दिला होता. म्हणजे गोळी कमी करण्याची बाजूसुद्धा दलालानेच मांडली. साहेब तिथपर्यंत पोचलेच नसावेत. चिडून वाचलं की असं होतं.

वजन, शुगर: होय, वाढतात, मोजत राहावं लागतं. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट बाळाला गंभीर अपाय करू शकतं, हे डॉक्टर सांगतातच, सांगितलं नाही तर विचारा. लिथियमसाठी किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या ठरलेल्या आहेत, आणि डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन मनाने घ्यायचं नाही, कारण त्याने लेव्हल वर जाते. खर्चाबद्दल पुन्हा कधीतरी.

‘मूठभर गोळ्या’वर तर मी बोलतच नाही. दोन म्हणजे मूठ होत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, वर जशीच्या तशी आहे. पुन्हा लिहायचं असेल तर आकडे घेऊन या, जागा आहे. ‘दलाल’ पुन्हा दिसला तर मात्र न वाचता डिलीट करीन.