बाग कुठे गेली, मॅडम?

गेल्या सेमिस्टरला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला मी डिझाइनसाठी बालवाडी दिली होती. एका मुलीचा प्लॅन अगदी नेटका होता. वर्गाला बागेच्या बाजूने लांबलचक खिडकी, सिल, म्हणजे खिडकीचा खालचा काठ, जमिनीपासून 900 मिलिमीटरवर. घरांना आपण तेवढंच ठेवतो, त्यामुळे हात सवयीने तेच काढतो. मीही शीट तपासताना जिना पाहिला, संडास पाहिले आणि खिडकीवरून पुढे गेले.

मग तिचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल व्हीआर हेडसेटमध्ये घेतलं, म्हणजे डोळ्यांवर यंत्र चढवून आपण त्या इमारतीत उभे आहोत असं वाटतं ते, आणि नजरेची उंची 1.5 मीटरवरून 0.9 वर आणली. साडेतीन वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण तिथेच असतात. तिने मान फिरवली, पुन्हा फिरवली. "बाग कुठे गेली, मॅडम?" समोर भिंत आणि वर आभाळाची एक पट्टी. मग तिने टाचा उचलल्या! वीस वर्षांची मुलगी लहान मुलासारखी टाचा उंचावून स्वतःच्याच खिडकीतून बाहेर बघायची धडपड करत होती. दुसऱ्या दिवशी सिल 400 वर आलं होतं, तिथेच बसायला कट्टा, खालच्या भागाला ग्रिल.

हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं असतं, तरी तिने 'हो मॅडम' म्हणून वहीत लिहून घेतलं असतं.

म्हणूनच आपल्याकडे व्हीआर ज्या पद्धतीने वापरला जातो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिझाइन पक्कं झाल्यावर, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आदल्या दिवशी, मार्बल, सोफे आणि संध्याकाळचा प्रकाश टाकून पाहुण्यांना फिरवून आणायचं. तेव्हा चूक दिसली तरी कोण बदलणार? एका कॉलेजात तर हेडसेट कपाटात कुलपात होते, तपासणी असली की बाहेर. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं असं यंत्र केलं, तेव्हा ते इतकं जड होतं की वरून टांगावं लागे. आज ते अर्ध्या किलोवर आलंय. अडचण यंत्राची उरलेली नाही, आपल्या टाइमटेबलची आहे. माझं म्हणणं, सेमिस्टरच्या तिसऱ्याच आठवड्यात हेडसेट आणा. मॉडेल पांढरंच ठेवा, मटेरियल नको. टाइल्स आल्या की मुलं टाइल्सच बघतात, जागा बघत नाहीत.

पण हेडसेटवर डोळे झाकून विश्वासही नको. त्यात अंतरं प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. आमच्या एका मुलाला त्याचा 1.8 मीटरचा कॉरिडॉर चिंचोळा वाटला, त्याने थेट 2.7 केला. मी त्याला टेप आणि फक्कीची (रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीची) पिशवी देऊन पार्किंगमध्ये नेलं. साइटवर लाइनआउटला, म्हणजे इमारतीची आखणी जमिनीवर करताना, मारतात तशी फक्की मारली, दोन रेघांमधून चार मित्रांना ये-जा करायला लावली. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. कॉरिडॉर परत 1.8 झाला.

काहींना चक्कर येते. डोळे सांगतात चालतोय, कानातला तोल सांगतो उभा आहे, मग मळमळतं. त्यांना खुर्चीवर बसवायचं, मॉडेलमध्ये सरकत न्यायचं नाही, एका जागेवरून थेट दुसऱ्या जागेवर न्यायचं. दहा मिनिटं पुरे.

आणि कृपा करून, हेडसेट आले म्हणून स्टडी टूर बंद करू नका. भर उन्हातून वाड्याच्या चौकात शिरताना पायाला फरशी गार लागते, आवाज बदलतो, ते या काचांमधून कळत नाही. मेजर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मोजून तिचा नकाशा काढण्यासाठी, टेपचं एक टोक धरून धुळीत वाकलेल्या मुलाला भिंतीची जाडी आयुष्यभर लक्षात राहते.

यंदाचा विषय वृद्धांसाठी निवास आहे. यावेळी नजरेची उंची 1.2 मीटर, म्हणजे व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची. बेसिनवरचा आरसा, दाराचा पीपहोल, ओट्यावरचं कपाट, सगळं तिथून बघायचंय. इतर कॉलेजांत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही कितव्या आठवड्यात हेडसेट देता, ते खाली नक्की लिहा. आमचे सोमवारपासून सुरू होताहेत.