शेणाचं सारवण, धाब्याची भिंत आणि किरणं

मोबाइलवर एक संदेश पुन्हा फिरतोय. रशियाच्या कुणा शास्त्रज्ञाच्या नावाने त्यात सांगितलंय की शेणाने सारवलेल्या घरात अणुकिरणं शिरत नाहीत, मोबाइलचं रेडिएशनही शेण शोषून घेतं, आणि मागच्या पिढ्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात उगाच ठणठणीत नव्हत्या. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडच्या गटांत तो आला की खाली हात जोडल्याची चित्रं पडतात. हात जोडायला हरकत नाही, पण आधी एकेक दावा तपासू.

“सारवलेल्या घरात अणुकिरणं शिरत नाहीत.” अणुकिरणं मुख्यतः तीन प्रकारची: अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा किरणं कागदानेही अडतात, बीटाला काही मिलिमीटर अॅल्युमिनियम पुरतं. तिथे शेणाचं कौतुक कशाला? खरा प्रश्न गॅमाचा. गॅमा अडवायला वाटेत वस्तुमान लागतं, ते कशाचं आहे याने फारसा फरक पडत नाही. सीझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाची गॅमा किरणं निम्मी करायला शिसं सहा मिलिमीटरच्या आसपास लागतं, काँक्रीट चार-पाच सेंटिमीटर, पाणी आठ, घट्ट माती सहा-सात. वाळलेलं शेण हलकं, त्यामुळे अंदाजे वीतभर थर हवा. आपण सारवतो दोन-तीन मिलिमीटर. त्यात शेकड्यामागे एखाददुसरं किरण अडेल.

आता धाब्याच्या घराची भिंत बघा. दोन फूट मातीत ही किरणं नऊ-दहा वेळा निम्मी होतात, हजारामागे एखाददुसरं उरतं. वर धाब्यावर मातीचा जाड थर असतोच. म्हणजे जुनं घर आडोसा खरंच देतं, पण काम करते भिंत आणि श्रेय घेऊन जातं सारवण! त्याच शेणाने पत्र्याच्या खोलीची भुई सारवा, वरून येणाऱ्या किरणांना काही फरक पडणार नाही. एक्स-रेच्या खोलीला नऊ इंची विटेची भिंत आणि दाराला शिशाचा पत्रा असतो, तोही याच हिशेबाने.

“शेण मोबाइलचं रेडिएशन शोषतं.” दोन गोवऱ्यांच्या मधे फोन ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला, तर लहरी आत गेल्या आणि बाहेरही आल्या. ओलं शेण थोड्या लहरी शोषेल, पण ते त्यातल्या पाण्यामुळे. वाळलं की तेवढंही नाही. या लहरी खऱ्या अर्थाने अडवतो धातू, म्हणून पत्र्याच्या खोलीत रेंज जाते.

ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या, म्हणजे गायींसाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या आयोगाच्या, अध्यक्षांनी फोनला लावायची शेणाची चिप दाखवली होती. समजा, ती लहरी अडवते. मग टॉवरपर्यंत पोचायला फोन आपली ताकद वाढवील, म्हणजे उलटंच झालं. आणि 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर आहे. बोटभर चिपला ती सहज वळसा घालते.

शिवाय गॅमा आणि मोबाइलच्या लहरी एका रांगेत बसवायच्याच नाहीत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची गॅमासारखी ऊर्जा मोबाइलच्या लहरीत नसते, लाखो पटींनी कमी पडते. तरीही टॉवरच्या लहरींची आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, सप्टेंबर 2012 पासून.

“मातीच्या घरात किरणंच नसतात.” मातीत किरणं सोडणारं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम असतंच, थोडं का होईना. भिंत बाहेरचं अडवते आणि स्वतःचं थोडं सोडतेही. आपल्या केळीतसुद्धा किरणोत्सारी पोटॅशियम-40 आहे. एका केळ्यात सेकंदाला दहा-पंधरा अणू फुटतात. खुशाल खा, शरीर जादाचं पोटॅशियम बाहेर टाकतं.

“कोर्टानेही मान्य केलंय.” हे मात्र हवेतलं नाही. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या तापी जिल्ह्यातल्या न्यायालयाच्या नोव्हेंबर 2022 च्या निकालपत्रात शेणाच्या घरांवर अणुकिरणांचा परिणाम होत नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. पण तो खटला महाराष्ट्रातून केलेल्या बेकायदा गुरांच्या वाहतुकीचा होता. किरणं किती अडतात हा त्यातला वादाचा मुद्दाच नव्हता. ते मोजायचं तर भिंतीच्या एका बाजूला स्रोत आणि दुसऱ्या बाजूला किरणं मोजणारा गायगर काउंटर ठेवावा लागतो, एकदा सारवण असताना आणि एकदा ते खरवडून.