ठिपका गोलच आहे!

एअर पिस्तुलावर लावायला नेम धरायची एक रेड डॉट साइट घ्यायची, एवढंच काम होतं. पन्नाशीनंतर फोरसाइट, बॅकसाइट (पिस्तुलावरच्या पुढच्या-मागच्या नेमाच्या खुणा) आणि टार्गेट तिन्ही एकदम काही स्वच्छ दिसत नाहीत. रेड डॉटला ही कटकट नसते. एलईडीचा लाल ठिपका काचेवरून परावर्तित होऊन लांब टार्गेटवरच असल्यासारखा दिसतो. आपण फक्त तिकडे बघायचं. दहा मीटरच्या स्पर्धेत ही साइट चालत नाही, पण मला कोण ऑलिंपिकला पाठवतंय? (२०२४ मध्ये पॅरिसला युसुफ दिकेच या तुर्की नेमबाज गृहस्थांनी एक हात खिशात घालून रौप्यपदक मारल्यापासून आमच्या वयाच्या पुरुषांना उगाच चढलंय, हे मान्य.)

कॅम्पातल्या दुकानात साइट डोळ्यासमोर धरली, तर ठिपक्याच्या जागी लवंगी मिरची. देठासकट.

"हा पीस डिफेक्टिव्ह आहे," मी म्हणालो. मालकांनी न बोलता दुसरा दिला. मिरची. तिसरा दुप्पट किमतीचा. त्यात मिरची जास्त लालभडक.

"बघू," शेजारून आवाज आला. दुर्बिणीचा पट्टा बदलायला आलेले एक काका. मी 'हो' म्हणायच्या आत साइट त्यांच्या हातात.

"गोल आहे."

"मला लांबट दिसतोय. मिरचीसारखा."

"लांबट कसा दिसेल? गोल आहे. वय काय तुमचं?"

"त्रेपन्न."

"माझं एकोणऐंशी. दोन्ही मोतीबिंदू काढलेत. गोल आहे."

मग त्यांनी चहावाल्या पोराला बोलावलं. गोल. मुलासाठी छर्रे घ्यायला आलेल्या बाईंना दाखवलं. गोल. बाईंनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती नातेवाइकाच्या आजारपणात टाकतात तसली होती. काका मला म्हणाले, "साइट फिरवा. मिरची फिरली?"

"नाही."

"आता साइट स्थिर, मान वाकडी करा."

भर दुकानात मी मान वाकडी केली. मिरचीही वाकडी झाली.

"झालं तर! दोष तुमच्यात आहे. ॲस्टिग्मॅटिझम. डोळ्याचा आकार वाकडा." वर मालकांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून साइटचा फोटो काढून दाखवला. गोल! म्हणजे पुरावाही तयार. गिऱ्हाईक मी, पैसे माझे, आणि तपासणी माझीच.

खरा राग मला माझ्या चष्मेवाल्याचा आहे. "पाऊण सिलिंड्रिकल आहे, पण एवढ्याशा नंबराला काय करायचंय," असं म्हणत (सिलिंड्रिकल म्हणजे याच दोषाचा नंबर) तो दरवेळी तो नंबर गाळतो. दरवेळी काचांचे पैसे मात्र पूर्ण घेतो. प्रोग्रेसिव्हचे दर काय आहेत, कधी बघितलेत? डोळ्यांचा आकार बिघडलाय, हे माणसाला बंदुकीच्या दुकानात कळावं?

काकांचं अजून संपलं नव्हतं. "ठिपका केवढा?"

"सहा एमओए," मालक. (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग.)

काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. माझ्याच कॅटलॉगच्या पाठीवर हिशोब मांडला. "दहा मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ मिलिमीटर. सहाचे झाले साडेसतरा. तुमच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? साडेअकरा. म्हणजे ज्यावर नेम धरायचा तेच झाकलं! आमची फॅक्टरी १८६९ ची. तेव्हा कुठे होते हो लाल ठिपके? गोळ्या लागतच होत्या ना?"

मी इरेला पेटून दोन एमओएचा मागितला. त्यातली मिरची जरा बारीक होती. "हाच द्या," म्हणालो.

मालक पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "सर, तुमच्या पिस्तुलाची डव्हटेल, म्हणजे साइट बसवायची खाच, कितीची?"

"अकरा मिलिमीटर."

"ही पिकाटिनीची, म्हणजे रुंद पट्टीवर बसणारी आहे. बसणार नाही. अडॅप्टर लागेल."

"द्या मग."

"तो आम्ही ठेवत नाही."

"आधी विचारून यायचं ना!" काका म्हणाले. त्यांना दुर्बिणीचा पट्टा लगेच मिळाला. वर दहा टक्के सूटही.