फॅन म्हणा की!

विज्ञानकथा वाचणाऱ्या आमच्या जुन्या कंपूला आता रीतसर मंडळ काढायचंय आणि गाडं नावावर अडलंय. 'फॅन' नको, तो शब्द म्हणे नटनट्यांच्या मागे धावणाऱ्यांचा. 'विज्ञानकथाप्रेमी' बाळबोध. 'रसिक' म्हटलं की नाट्यसंगीत आठवतं. शेवटी 'विज्ञानसाहित्याचे अभ्यासक' यावर मत घ्यायचं ठरलंय. अभ्यासक! परग्रहावरच्या स्वाऱ्या वाचत रात्र रात्र जागलेली माणसं ही.

मी फोनवर जरा फटकळच बोललो. इकडे परदेशात ८० वर्षांचे निवृत्त प्राध्यापक स्वतःला सरळ फॅन म्हणवतात. गंमत म्हणून त्याचं अनेकवचन 'फेन' करतात, मॅनचं मेन होतं तसं. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेही फॅनांनीच भरवलं. कुणाला कमीपणा वाटला नाही.

बोललो खरा, पण निम्मंच सांगितलं. मारामाऱ्या इकडेही आहेत. फॉरेस्ट अ‍ॅकरमन या अमेरिकी फॅननं १९५४च्या सुमारास 'हाय-फाय'च्या चालीवर सायन्स फिक्शनसाठी 'साय-फाय' हा शब्द काढला, तो जुन्या खोडांना अजून झोंबतो. ते 'एसएफ'च म्हणणार, आणि टवाळी करायची असली की साय-फायचा उच्चार 'स्किफी' करणार. 'स्टार ट्रेक' मालिकावाल्यांत 'ट्रेकी' म्हटलं की काहींच्या कपाळाला आठी: आम्ही 'ट्रेकर'! ट्रेकी म्हणजे टोकदार कान चिकटवून हिंडणारा पोरकट, ट्रेकर म्हणजे गंभीर. म्हणजे अभ्यासकच की. हे मी फोनवर गाळलं. इतकी वर्षं बाहेर राहिलं की असं निवडून सांगायची सवय लागते.

२०२४ मध्ये ग्लासगोच्या वर्ल्डकॉनला, म्हणजे त्याच जागतिक संमेलनाला गेलो होतो. बॅजवर आपल्याला हवं ते नाव घालता येतं. मी 'जगताप' घातलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. तोवर ते केंब्रिज सोडून परतलेही होते. मी नाही परतलो. त्याची कारणं कंपूला पाठ आहेत.

पाच दिवस ते नाव गळ्यात घालून हिंडलो. लोक आपुलकीनं हाक मारत, एकीनं उच्चारही नीट विचारून घेतला. ओळखलं मात्र कुणीच नाही. तिसऱ्या रात्री न राहवून बॅजचा फोटो कंपूला धाडला. मिनिटभरात उत्तर आलं, आज 'अभ्यासक'साठी हटून बसलेल्या त्याच गृहस्थाचं:

"कृष्णविवरातून बाहेर कधी पडतोयस?"