‘नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा

जून आला की नांदेड, लातूर, जळगावकडची पोरं बॅगा घेऊन पुण्यात वाकड-हिंजवडीला भाड्याचं घर शोधायला उतरतात. एजंटचं वाक्य ठरलेलं: ‘अकरा महिन्यांचंच तर ॲग्रीमेंट आहे, नोटरी करून टाकू, खर्च वाचेल.’

खर्च वाचतो तो मालकाचा आणि पुढे डिपॉझिट अडकतं ते तुमचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 वाचा. करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि रजिस्टर्डच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार रजिस्टर नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं काम मालकाचं. (हे मालकलोकांना कळलं तर तेच रजिस्ट्रेशनसाठी मागे लागतील!) शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, चहा होईपर्यंत काम संपतं.

आमच्या भाच्याने फ्लॅट सोडला तेव्हा मालकाने पेंटिंगच्या नावाखाली अख्ख्या महिन्याचं भाडं कापलं. कारण काय, तर हॉलमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं. ‘बेटा, सगळेच कापतात.’ पोरगं म्हणालं, ‘काका, कुठल्या क्लॉजमध्ये लिहिलंय तेवढं दाखवा.’ ती भोकं आधीपासूनच होती. राहायला गेल्या दिवशीच त्याने भिंती, नळ, गीझर, लाइटचं मीटर, सगळ्याचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप केले होते. तरी वकिलाची नोटीस गेल्यावरच पैसे सुटले.

मालकच नेहमी चोर असतात असंही नाही. मुदत संपूनही लीव्ह अँड लायसन्सवाला (म्हणजे अशा अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा) हलला नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई बसते. आणि ‘शेवटचे दोन महिने भाडं देत नाही, डिपॉझिटमधून घ्या’ हा पुणेरी जुगाड मला तरी पटत नाही. करारात तसं नसेल तर आपणच थकबाकीदार ठरतो.

आता ते ‘दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट बेकायदा’वालं फॉरवर्ड. ती दोन महिन्यांची मर्यादा 2021 च्या आदर्श भाडे कायद्यातली, आणि तो कायदा म्हणजे केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो मालकाच्या तोंडावर मारून उपयोग नाही. डिपॉझिटची घासाघीस टोकन देण्याआधीच करा. टोकन गेलं की एजंट फोन उचलत नाही.